ईशान्येची कोठडी

५ ऑगस्ट, श्रावणी सोमवार

दरवर्षी हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी जातात, जीव तुटतो. म्हणून या वर्षी ठरवलं, पुढून तेल-मीठ लिहायचं आणि मागून मनातलं. पहिल्याच दिवशी लिहायला मिळालं ते पोलीस स्टेशन!

माझ्या लेकीने, अवनीने, तिच्या आर्किटेक्टच्या ऑफिसातून पुठ्ठ्याचं एक घर आणलं. मॉडेल म्हणतात त्याला. ऑफिसात जागा नाही आणि तिला घरून काम करायची मुभा, म्हणून आमचं जेवणाचं टेबल गेलं. परदेशातल्या, वुडलँड्सच्या या फ्लॅटमध्ये टेबल ते एकच. आता आम्ही मायलेकी मांडीवर ताट घेऊन जेवतोय.

हे म्हणे आयर्लंडमधल्या एका खेड्यातलं पोलीस स्टेशन. बंद पडलं होतं. त्या खेड्यात वाढलेला ब्रेंडन नावाचा साहेब इथे बँकेत आहे, त्याने ते विकत घेतलं आणि त्याला तिथे पाहुण्यांसाठी घर करायचंय. स्टेशन कसलं, चांगलं दुमजली घरच. चुन्याचा गिलावा, पाटीच्या दगडाचं उतरतं छप्पर, दोन टोकांना दोन धुराडी. पश्चिमेच्या भिंतीला एकही खिडकी नाही, समुद्रावरचा पाऊस तिकडून मारतो. दाराच्या दोन्ही बाजूंना भिंतीत उभ्या फटी आहेत, बंदुकीची नळी जाईल एवढ्या. पुढून दारं दोन. एक सरकारचं, त्याच्यावर निळा दिवा. दुसरं सार्जंटच्या बिऱ्हाडाचं. डब्याचं झाकण काढावं तसं छप्पर आणि वरचा मजला उचलला की खालच्या खोल्या दिसतात. सरकारची खोली आणि बिऱ्हाड यांच्यामध्ये आतून एकच दार.

मागच्या कोपऱ्यात, बिऱ्हाडाच्या स्वयंपाकघराला चिकटून, कोठडी. तिला वरूनही दगडी छत आहे, म्हणून ती मात्र चहूकडून बंद. एक दार, दारात जेवण सरकवायची झडप, आणि उंचावर एक झरोका. बस.

मी नकाशावरची दिशा बघितली आणि म्हटलं, "दक्षिणेला तोंड आणि ईशान्येला कोठडी! देवाच्या जागी चोर? कोण सुखी राहणार गं त्या घरात?"

अवनी हसायला लागली. "आई, आपल्याकडे काय आहे ईशान्येला?"

आमच्या ईशान्येला शेल्टर आहे. इथल्या घरांना एक खोली अशी बांधतात, जाड सिमेंटच्या भिंती, लोखंडी दार, खिडकी नाही. युद्धबिद्ध झालं तर आत बसायला. लोक त्यात जुने पंखे न् सुटकेसा कोंबतात. मी देवघर केलंय, रोज तिथेच घंटी वाजवून पूजा. उदबत्तीचा वास छान कोंडून राहतो.

संध्याकाळी ह्यांचा बोटीवरून फोन आला. शुक्रवारी बंदर लागेल म्हणाले. "जेवलीस का?" एवढंच विचारतात. चीफ इंजिनिअर आहेत, पण बोलणं तारेच्या भाषेत.


९ ऑगस्ट, नागपंचमी

आज चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा ठेवायचा नाही. पुरणाची दिंडं उकडली. आज इथल्यांचा राष्ट्रीय दिनही, सुट्टी. सकाळपासून कसरतीच्या विमानांची घरघर चालली होती, काचा थरथरत होत्या.

अवनी पातं घेऊन पुठ्ठा कापायला बसली. मी म्हटलं, आज नाही.

"अय्यो आई, कॅनॉट ला! डेडलाइन आहे." इथल्यांसारखा शेवटी 'ला' लावून बोलते.

"नागाच्या दिवशी माझ्या घरात पातं चालायचं नाही."

"पुठ्ठ्याला कुठे नाग असतो?"

"आणि डेडलाइनला कुठे आई असते? ठेव ते."

धुसफुसत ठेवलं आणि मैत्रिणींबरोबर विमानं बघायला गेली. दुपारी केर काढताना टेबलाखाली एक माणूस सापडला. बोटाच्या दोन पेरांएवढा, पांढरा, नाकडोळे नाहीत, हात अंगालगत. घर केवढं मोठं आहे ते कळावं म्हणून हे लोक अशी माणसं उभी करतात. विमानांच्या हादऱ्याने पडला असावा. सुपलीत गेला असता तर कळलंही नसतं. हरवू नये म्हणून मी त्याला कोठडीत ठेवला, आडवा. तेवढीच एक जागा सगळीकडून बंद.

पण कोठडीचं दार लटपटत होतं. अवनीला ते आजच बसवायचं होतं आणि माझ्यामुळे राहिलं, हे मनाला लागलं. कापायला बंदी आहे, चिकटवायला कुठे आहे? कालचा वाटीभर भात उरला होता. तो पाणी घालून कुस्करला, गाळला, शिजवून घट्ट खळ केली. लहानपणी वह्यांना कव्हरं अशीच चिकटवायचो. काडीने चारी कडांना लावली, दार बसवलं, वर वजन म्हणून हळदीची बाटली टेकवली. तासाभरात असं घट्ट झालं की नखसुद्धा शिरेना.

उंबऱ्याला हळदकुंकवाची बोटं लावली, दोन्ही दारांना. सण आहे. उंबरा आहे म्हटल्यावर कोरा कसा ठेवायचा?

ह्यांची बोट आज लागली असेल. फोन नाही. कामात असतील.


१२ ऑगस्ट, सोमवार

फोन नाही. अवनी म्हणते बोटीवरचं नेटवर्क बिघडलंय, बोट कंपनीच्या एजंटने कळवलंय. पूर्वी महिना महिना पत्र नसायचं, तेव्हा कुठे काय होत होतं?

दार कोणी लावलं म्हणून तिने विचारलं. मी म्हटलं, लागलं ना नीट? "एकदम परफेक्ट. काय लावलंस?" भात म्हटल्यावर तिने कपाळाला हात लावला. पण आज ती हसताना डोळे हसत नव्हते. ऑफिसचा ताण असणार. सारखी गॅलरीत जाऊन इंग्रजीत बोलते. बॉण्ड, हियरिंग, वकील. परदेशातलं घर पाडायचं-बांधायचं म्हणजे एवढं असायचंच.


१४ ऑगस्ट

मी अवनीला विचारलं, कोठडीत कोणी असला तर त्याला जेवायला कोण घालायचं?

"सार्जंटची बायको. ब्रेंडनची पणजी तिथे राहायची ना, ती घरच्याबरोबर त्याचंही रांधायची. म्हणून तर स्वयंपाकघर भिंतीला लागून आहे. ती मधल्या दाराने ताट घेऊन यायची आणि झडपेतून सरकवायची."

"पगार?"

"बायकोला कसला पगार, आई?"

मला ती बाई दिसायलाच लागली. एका भिंतीच्या अलीकडे मुलांचा अभ्यास, चुलीवर बटाटे. पलीकडे कोणीतरी धरून आणलेला. तिला त्याचं तोंड दिसत नसेल, हात तेवढा दिसत असेल.

लग्न झाल्यापासून मी वाढायला बसले की पहिलं वाढप ह्यांच्या नावाचं बाजूला काढते. सासूबाईंचा दंडक होता, समुद्रावर आहे त्याचं आधी, मग आपलं. नंतर ते मीच खाते, अन्न वाया घालवायचं नाही. आज त्या वाढपातलं एक शीत उचलून कोठडीच्या झडपेशी ठेवलं. मी ठेवलाय ना त्याला आत. मग उपाशी कसा ठेवू?


१७ ऑगस्ट

शीत रोज नाहीसं होतं. मुंग्या म्हणावं, तर मुंगी एकही नाही. टेबलाचे पाय मी पाण्याच्या वाट्यांत ठेवलेत. पाल म्हणावी, तर पाल झडपेतून जाणार कशी? असो. खाल्लं जातंय ना.

अवनी न्हाणीघरात नळ सोडून बोलत होती. नळ फुकट वाहतोय म्हणून मी दाराशी गेले. ती विचारत होती, "त्या खोलीला खिडकी आहे का? रोज जेवण देतात का? व्हेजिटेरियन आहेत ते, सांगितलंय का कोणी?" आणि मग हुंदका.

किती मनावर घेते कामाचं! दगडाच्या घराचं एवढं? बाहेर आली तेव्हा मी तिच्या डोक्याला तेल लावून दिलं. माझ्या मांडीवर डोकं ठेवून तशीच पडून राहिली, शाळेत असताना पडायची तशी.


१९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

समुद्राची पूजा. बसने वुडलँड्सच्या धक्क्यावर गेले. समोर पाण्यापलीकडे शेजारच्या देशातलं जोहोर दिसतं, पुलावर ट्रकांची रांग. नारळ पाण्यात टाकला तर दंड करतात, म्हणून पाण्याला दाखवला, हळदकुंकू हवेत सोडलं, नारळ परत आणला. वरुणाला कळतं. घरी फोडून नारळीभात केला.

येताना ब्लॉकच्या खाली चिनी लोकांनी गवताच्या कडेला ताटं मांडली होती. भात, संत्री, चहाचे पेले. पलीकडे पिंपात कागद जळत होता. त्यांचा पितरांचा महिना आहे. शेजारच्या चिनी बाई, मॅडम गो, राखेपासून मला बाजूला ओढत म्हणाल्या, "आँटी, केअरफुल ला. त्यांचं जेवण चाललंय." मी हात जोडले. आपल्याकडेही आहेच.

दुपारी नारळीभाताचं केशरी शीत झडपेशी ठेवलं आणि ओट्याकडे वळले. मागे कोणीतरी खाकरलं.

हे खाकरतात तसं. आधी छोटं, मग लांबवलेलं, जसं काही बोलायचं होतं आणि राहू दे म्हणून सोडलं. अवनी ऑफिसात होती. टीव्ही बंद. शेजारी कोणी पुरुषमाणूस नाही. मी टेबलाशी गेले, खाली वाकले. शीत नव्हतं. झडपेतून वास आला, पुठ्ठ्याचा नाही, डिंकाचा नाही. बोटीवरून आले की ह्यांच्या बनियनला येतो तो, इंजिनाच्या तेलाचा. कितीही सोडा घाला, जात नाही.

स्तोत्र म्हणत शेल्टरमध्ये जाऊन बसले. पोट भरलं नव्हतं तरी भात उरला.


२१ ऑगस्ट

कोठडीच्या झरोक्याला प्लास्टिकची काच आहे. तिच्यावर डाग दिसला, काळपट, बोट टेकवल्यासारखा. ओल्या फडक्याने पुसला, निघाला नाही. मग कळलं, डाग आतून आहे.

अवनीला सांगावंसं वाटलं. पण ती दोन दिवस धड जेवत नाही. ह्यांचा फोन अजून नाही.


२४ ऑगस्ट, शनिवार

 जसं झालं तसं लिहिते.

सकाळी मी सहज म्हटलं, आज एजंटला मीच फोन करते, ह्यांची बोट कुठे अडकलीये ते तरी कळेल. अवनीने माझ्या हातातून फोन घेतला आणि खाली फरशीवरच बसली.

"आई, बोट नाही अडकली. बाबा अडकलेत."

"कुठे?"

"बोटीने समुद्रात तेल सोडलं असा आरोप आहे. इंजिन बाबांचं, म्हणून बाबांना धरलं. बोट लागली तिथल्या पोलिसांनी. बाबांनी काही केलेलं नाही, कंपनीचा वकील म्हणतो सुटतील, पण जामिनाला नाही म्हणाले परवा."

"कोठडीत आहेत?"

तिने मान डोलावली.

"कधीपासून?"

"नऊ तारखेपासून. दुपारी नेलं."

मी उठले ती सरळ टेबलाशी गेले. नागपंचमीची दुपार. मी त्याला उचलला, आडवा ठेवला, दार लावलं, वर हळदीची बाटली टेकवली. हरवू नये म्हणून.

अवनीला सगळं सांगितलं. माणूस, खळ, शीत, खाकरणं. ती आधी घाबरून माझ्याकडे बघत राहिली, मग ओरडली, "आई, बाबांना पोलिसांनी धरलंय! तू नाही!"

"दार मी लावलंय."

"पुठ्ठ्याचं! आई, प्लीज. मला आत्ता तू धड हवीयेस."

मी सुरी घेतली तर तिने मनगट धरलं. खळीने दार असं बसलंय की उपटलं तर भिंतीचा पापुद्रा निघेल, आणि सोमवारी ब्रेंडन साहेब ऑफिसात मॉडेल बघणार. ते काम गेलं तर तिची नोकरी जाईल, नोकरी गेली तर इथे राहायचा पास, आणि बाबांच्या वकिलाशी बोलणारं इथे कोणी उरणार नाही. "सोमवारी संध्याकाळी परत आणते. मग काय हवं ते कर." असं म्हणून तिने घर खोक्यात घातलं आणि टॅक्सीने ऑफिसात नेऊन ठेवलं. माझ्यापासून लांब.

मी खिडकीतून बघत होते. खोकं तिने तिरकं धरलं होतं. आत तो आपटत असेल.


२५ ऑगस्ट

टेबल रिकामं. तरी जिथे कोठडी होती तिथे शीत ठेवलं. संध्याकाळी तिथेच होतं. वाळून गेलं होतं.


२६ ऑगस्ट, गोकुळाष्टमी

आज उपास. ज्या देवाचा जन्मच तुरुंगातला, त्याच्या दिवशी मला हे करायला मिळतंय यात त्याचाच हात. कुलपं आपोआप गळून पडली होती तेव्हा. पहारेकरी झोपले होते. जन्म मध्यरात्रीचा खरा, पण मी थांबले नाही.

दिवेलागणीला अवनी खोकं घेऊन आली. ब्रेंडन साहेबाला घर आवडलं. कोठडीच्या झरोक्यातून आत डोकावला आणि म्हणाला, आत माणूस ठेवण्याची कल्पना सुरेख आहे, पण तो असा भिंतीकडे तोंड करून का उभा आहे?

अवनीनेच मला हे सांगितलं, आणि सांगताना तिचा चेहरा पांढरा पडला. मी आडवा ठेवला होता, हे तिला माहीत होतं.

ती आंघोळीला गेली. मी देवापुढे दिवा लावला, घराचं दार उघडं ठेवलं, रोज ठेवते तसंच. वाटीत गरम पाणी घेतलं. समईची कापसाची वात त्यात भिजवून दाराच्या कडांवर ठेवत गेले. भाताची खळ आहे, तिला मऊ व्हायलाच लागतं. पुसायचं, पुन्हा भिजवायचं. खालून जळत्या कागदाचा धूर येत होता. तोंडाने नाव चालू होतं, देवाचं की ह्यांचं ते आता आठवत नाही.

दार सुटलं. पापुद्रासुद्धा निघाला नाही.

आत गार होतं. फ्रिजमध्ये हात घालावा तसं. तो भिंतीशी उभा. पायाखाली ना टेकू, ना डिंक. मी बोटात धरला तर तो गरम होता, ताप असलेल्या माणसासारखा.

आता कुठल्या दाराने न्यायचं? सरकारच्या दाराने नेला तर सरकारचाच राहील. मी त्याला मधल्या दाराने आत घेतला, सार्जंटच्या बायकोच्या बाजूला, स्वयंपाकघरात. चुलीजवळ उभा केला, दाराकडे तोंड करून. बिऱ्हाडाचं पुढचं दार उघडं ठेवलं. म्हटलं, या आता घरी.


२८ ऑगस्ट

सुटले! सोमवारी संध्याकाळीच वकिलाचा नवा अर्ज मंजूर झाला, आज कागद झाले. खटला चालेल, पण घरी जायची परवानगी. अवनी मला मिठी मारून रडली. मी म्हटलं, बघ. ती म्हणाली, "योगायोग, आई." पण टेबलाच्या त्या बाजूला ती बसत नाही.

रव्याचे लाडू केले. साजूक तुपातले.


१ सप्टेंबर, रविवार

हे आले. केवढे वाळलेत. दाढी पांढरी, कातडी पुठ्ठ्यासारखी. दारात मी तुकडा ओवाळून टाकला. चपला काढून सरळ आत ओट्यापाशी गेले आणि तिथेच उभे राहिले, दाराकडे तोंड करून. म्हटलं बसा. खुर्ची आणली, नाही बसले.

अवनीने विचारलं, "बाबा, फार त्रास दिला का हो?"

"त्रास नाही." दाराकडेच बघत म्हणाले. "ब्रेड द्यायचे. पण भिंतीच्या पलीकडे कोणीतरी स्वयंपाक करायचं. फोडणीचा वास यायचा. एकदा नारळीभाताचा."

"तिथे, बाबा?"

"घंटी पण वाजायची. रोज. मी विचारलं त्यांना. ते म्हणाले, पलीकडे काही नाही, समुद्र आहे."

अवनी माझ्याकडे बघेना. मी ह्यांना वाढलं. आज कितीतरी महिन्यांनी पहिलं वाढप खरोखर ह्यांच्या पानात पडलं. उभ्यानेच जेवले, एकेक शीत वेचून.


४ सप्टेंबर

स्वयंपाकघरातून हलत नाहीत. रात्रीही तिथेच चटई. मला काही अडचण नाही, सोबत होते. लग्नानंतर इतके दिवस ओट्याशी माझ्याबरोबर कधी होते? पण अवनी म्हणते डॉक्टर गाठू. काल तिने हात धरून ह्यांना हॉलमध्ये नेलं. दारापर्यंत आले, तिथे पाय थिजले. घाम फुटला. "भिंत आहे," म्हणाले. कुठे भिंत? तिथे पडदासुद्धा नाही.

अशक्तपणा आहे. खाणं वाढलं की जाईल.

उद्या पॅकर येणार. मॉडेल आता आयर्लंडला जाणार, ब्रेंडन साहेब त्या खऱ्या घरात ते मांडणार आहे. अवनी म्हणाली, प्रवासात काही हलू नये म्हणून पॅकर सगळी दारं चिकटवून टाकतो.

 तो माणूस अजून त्या चुलीजवळ उभा आहे. हे घरी आल्यापासून त्याला हात लावायचा धीर झाला नव्हता.


५ सप्टेंबर

पॅकर यायच्या आधी मी त्याला उचलून घेतलं. एकदा चुकले, पुन्हा चुकणार नाही. पण आता ठेवायचा कुठे? कपाटात ठेवला तर कपड्यांत जाईल. डब्यात झाकण लावून ठेवायची तर आता भीतीच वाटते. पर्समध्ये, तर पर्स चोरीला गेली तर? शेवटी सुचलं, आणि इतका वेळ का सुचलं नाही म्हणून स्वतःचाच राग आला. देवापेक्षा सुरक्षित जागा कुठली? शेल्टरमध्ये गेले, बाळकृष्णाच्या मागे त्याला उभा केला.

बाहेर आले तर ओट्याशी कोणी नाही. हाक मारली. हे माझ्या मागे, शेल्टरच्या दारात उभे. पडदा नाही, भिंत नाही, सरळ चालत आले होते. मला बाजूला करून आत गेले आणि देवापुढे उभे राहिले.

आनंदाने डोळे भरून आले. ह्या माणसाने आयुष्यात कधी देवाला हात जोडले नाहीत. "माझा देव बॉयलर," म्हणायचे.

मॉडेल गेलं. टेबल पुन्हा आमचं झालं.


७ सप्टेंबर, गणेश चतुर्थी

गणपती बसला. एवढासा, मातीचा. मोदक झाले. हे परवापासून देवघरातून बाहेर आलेले नाहीत. पाणी, जेवण सगळं तिथेच. केवढी भक्ती जडली! संकटाने माणूस देवाकडे वळतो, ते डोळ्यांनी पाहिलं.

गणपती आहे तोवर समई विझू द्यायची नाही. पण शेल्टरचं दार उघडं राहिलं की गॅलरीतलं वारं थेट आत येतं, ज्योत सारखी फडफडते. लोखंडी दार जड आहे, लोटलं की आपलं आपण बसतं. मी ह्यांना विचारलं, लोटू का? मान हलवली नाही, पण नाही असंही म्हणाले नाहीत. लोटलं. वर हवेला झरोके आहेत, जाळीचे. घुसमट होत नाही.

संध्याकाळी अवनी आली आणि बंद दार बघून किंचाळली. "आई, बाबा आत आहेत? आई, काय केलंस तू?" हँडल धरून ओढायला लागली. दमटपणाने दार घट्ट बसलंय, हल्ली असं होतं.

"ओढू नकोस, दिवा विझेल," मी म्हटलं. "स्वतःहून गेलेत ते. अगं, सगळ्या जगात आत्ता ह्यांना तिथल्याइतकी चांगली जागा नाही. हरवणार तरी नाहीत."

ती टेबलाशी बसून रडतेय. नोकरी, खटला, सगळं एकट्या पोरीच्या डोक्यावर पडलं, म्हणून. समजूत घालीन उद्या.

आधी वाढून घेतलं. वरणभात, वर तुपाची धार, एक मोदक. पहिलं वाढप. अंगाचा भार देऊन दार ओढलं, ताटलीपुरती फट केली आणि खालून आत सरकवली. मला ह्यांचं तोंड दिसलं नाही, हात तेवढा दिसला. ताटली आत ओढली गेली. मग ते खाकरणं, आधी छोटं, मग लांबवलेलं.

जिवाला बरं वाटलं. दार पुन्हा लोटून मी माझं पान वाढून घेतलं.